शीग लावून परत आलेलं काडतूस

घाबरू नका, मित्रांनो. आज माझं पोट रिकामं आहे आणि माझ्या अंगाला आरपार भोक पाडलेलं आहे. मी आता कुणाचं काही बिघडवू शकत नाही. मी पितळेचं एक जुनं काडतूस. नांदेडच्या एका बंदुकीच्या दुकानात, काउंटरमागच्या भिंतीवर, सुतळीला बांधून खिळ्याला टांगलेला असतो. येणारी माणसं विचारतात, हे काय लटकवून ठेवलंय? मालक प्रत्येकाला थोडंफार सांगतात. सगळं मात्र मलाच ठाऊक आहे, कारण जे घडता घडता राहिलं ते माझ्या पोटात होतं.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तुमचे आजोबा तेव्हा तरुण असतील. आधी मी पितळेची एक चकती होतो. यंत्राने मला दाबून वाटी केलं, मग वाटी ओढून ओढून तिची नळी केली. बुडावर शिक्का बसला: कारखान्याचं नाव आणि बाराचा आकडा, म्हणजे हे काडतूस बारा बोअरच्या बंदुकीचं. बुडाच्या मधोमध तांब्याची एक इवलीशी टोपी बसवली. मित्रांनो, सगळी आग त्या टोपीत झोपलेली असते. बंदुकीचा खटका तिच्यावर आपटला की ती जागी होते आणि आतली दारू पेटवते. दारूवर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, जाड गादी, गादीवर शिशाचे छर्रे, आणि सर्वांत वर, तोंडाशी, पुठ्ठ्याची गोल चकती.

दारू मोजणारं यंत्र मला अजून आठवतं. माझ्यात जेवढी पडली तेवढीच माझ्या पुढच्यात पडली आणि तेवढीच मागच्यात. त्या यंत्राला आमच्यावर राग नव्हता आणि मायाही नव्हती. तेव्हा मला ते फार कोरडं वाटलं होतं.

आम्ही दहा जण एका खोक्यातून नांदेडला आलो, याच दुकानात. तेव्हा गल्ल्यावर शिवप्पा बसायचे, आताच्या मालकांचे वडील. त्यांच्याकडून शेषेरावांनी आम्हांला घेतलं. शेषेराव अहमदपूरकडचे शेतकरी. डोंगराच्या पायथ्याला त्यांचं रान होतं. हरणांचे कळप आणि रानडुकरं पिकात शिरायची, म्हणून सरकारने त्यांना पीक राखण्यासाठी दुनळी बंदुकीचा परवाना दिला होता. बहुतेक वेळा बार हवेतच काढायचा. आवाजाने जनावर पळालं की काम झालं.

शेषेरावांच्या पत्नीचं नाव केवळाबाई. त्यांनी आम्हांला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या तोंडून निघालं, "अगं बाई, ही तर पितळेची हायेत." त्या घरात पितळ म्हटलं की त्याची जागा ठरलेली असे. शेतात कागदी नळीची स्वस्त काडतुसं चालायची, आम्ही महागाचे, म्हणून वर्षभर कुलपात असायचो. खांडेनवमीला मात्र, जेव्हा विळे, कोयते, नांगराचा फाळ अशी घरातली सारी हत्यारं पूजेला मांडतात, तेव्हा आम्हीही बाहेर यायचो. समई, ताम्हन, पळी-पंचपात्र घासून झालं की केवळाबाई आम्हांला एकेक करून हातात घ्यायच्या. चिंचेचा कोळ, चिमूटभर राख, आणि त्यांचा अंगठा. तो अंगठा बुडावर गोल गोल फिरायचा, माझ्या टोपीवरून, पुन्हा पुन्हा. मग हळदीकुंकवाचं बोट. भरलेल्या काडतुसाला कुणी इतक्या प्रेमाने हाताळलं असेल असं मला वाटत नाही. त्या बाईंच्या अंगठ्याखाली किती मोठी आग निजलेली आहे हे मला माहीत होतं. त्यांना नव्हतं. मी श्वास रोखून असायचो.

एका वर्षी ज्वारी हुरड्यात आली असताना शेजारचे शंकरप्पा शेषेरावांकडे आले. दिवस मावळायला आला होता. त्यांच्याकडेही बंदूक होती, परवाना होता, पण काडतुसं संपली होती आणि डुकरं तर रोज यायची. त्यांनी पाच काडतुसं उसनी मागितली. मित्रांनो, काडतुसं अशी देता-घेता येत नाहीत, कायद्याला ते चालत नाही. पण वाटीभर साखर, पायलीभर ज्वारी, बैलाची एक जोडी, जे अडेल ते शेजाऱ्याकडून उसनं न्यायचं, हे त्या शिवारात कायद्याच्याही आधीपासून चालत आलेलं. शेषेरावांनी पाच काढून दिली. त्या पाचांत मी होतो.

आणि मग मी पेटलो.

ते कसं असतं हे मी अनेकदा सांगायचा प्रयत्न केला आहे. नळीच्या बुडात काळोख होता. मागून टकटक झाल्यासारखं झालं. पुढच्या क्षणी माझ्या आत सूर्य उगवला. छर्रे गेले, गादी गेली, माझं पितळ फुगून नळीच्या लोखंडाला घट्ट चिकटलं आणि लोखंडाने मला धरून ठेवलं. आईने लेकराला कवटाळावं तसं. तेवढ्या आगीतून मी फाटलो नाही, कारण यंत्राने जेवढी मोजून दिली होती तेवढीच आग होती. ज्वारीवरून आवाज डोंगरापर्यंत गेला आणि परत आला. डुकरं पळाली. मला बाहेर काढलं तेव्हा मी काळा पडलो होतो, माझ्या काठावर बंदुकीने ओरखडा उठवला होता, पण मी शाबूत होतो. मनुष्याने केवढी वस्तू केली आहे आणि ती किती लहान जागेत बसवली आहे, या आश्चर्यातून मी अजून बाहेर आलेलो नाही.

शंकरप्पांनी आम्हां पाचही रिकाम्यांना शेतातून वेचून नेलं. पितळेचं काडतूस पुन्हा भरता येतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी दारू कुठून आणली, कशी भरली, ते मी सांगणार नाही. ते शिकण्यासारखं काम नाही. एवढंच सांगतो, की ते आमच्यासमोर बसले तेव्हा त्यांच्या मनात शेषेरावांविषयी फार माया होती. त्यांची ज्वारी वाचली होती. आमच्याकडे रीत आहे: उसनी वाटी सपाट नेली तर परत करताना शीग लावून करायची. वाटीच्या काठाच्या वर जो निमुळता ढीग राहतो, ती शीग. सपाट परत करणाऱ्याने हात आखडता घेतला असं समजतात. शंकरप्पा हात आखडता घेणारे नव्हते. त्यांनी चमचा आधी सपाट भरला, माझ्यावर धरला, थबकले, आणि मग त्यावर शीग लावली. पाचही जणांना.

नवी टोपी त्यांनी हाताने ठोकून बसवली. ती कणभर तिरपी बसली. मग आम्हांला चिंचेने लखलखीत घासून, रुमालात बांधून त्यांनी शेषेरावांच्या ओसरीवर आणून ठेवलं आणि हसत म्हणाले, "दादा, सपाट नेली व्हती. शीग लावून आणलीत."

शेषेरावांना वाटलं ही बोलण्याची पद्धत. केवळाबाईंनी त्यांना चहा दिला. कुणाच्या मनात काही खोटं नव्हतं.

मित्रांनो, माझ्या बुडावर शिक्का तोच राहिला. बाहेरून मी कारखान्याचंच काडतूस होतो. आत मात्र जे होतं ते कुठल्याही कारखान्याने भरलं नसतं. आम्ही पाच जण न फुटलेल्या पाचांशेजारी त्याच खोक्यात झोपलो. पुढच्या पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून शेषेरावांनी दहाही जणांच्या तोंडावर लाख वितळवून लावली. त्यामुळे तोंडाच्या चकत्या झाकल्या गेल्या: त्या पाचांच्या छापील, आम्हां पाचांच्या, शंकरप्पांनी लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून कापलेल्या. बुडाकडून केवळाबाईंची चिंच होतीच. दोन-चार खांडेनवम्यांत माझा ओरखडा गेला, काजळी गेली. नवऱ्याने एका टोकाने जपलं, बायकोने दुसऱ्या टोकाने. कोण कोण आहे हे आता आमचं आम्हालाच ठाऊक होतं.

नंतर बाजारात प्लास्टिकची काडतुसं आली. शेषेराव शेतात ती वापरू लागले. आम्ही पितळेचे, दिसायला देखणे, म्हणून पूजेपुरते उरलो. आमचं कौतुक वर्षातून एक दिवस, बाकी वर्षभर कुलूप. शेषेरावांची बंदूक थकली, मग शेषेराव थकले. ते गेल्यावर नियमाप्रमाणे बंदूक आणि आम्ही दहा जण नांदेडच्या याच दुकानात ठेवीला आलो. आता गल्ल्यावर गुरुपादप्पा होते, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, आवाज इतका हळू की गिऱ्हाइकाला पुढे वाकून ऐकावं लागे. त्यांनी आम्हांला लोखंडी कपाटात ठेवलं. तिथे दोन वर्षं गेली.

गेल्या भादव्यात कपाट उघडलं. काउंटरपलीकडे तनुजा उभी होती.

ती इस्लापूरच्या बाजूची, किनवट तालुक्यातली. नवरा एस.टी.त चालक, आठवड्यातले निम्मे दिवस घराबाहेर. शेत ती आणि तिचे सासरे भुजंगराव बघायचे. पूर्वी परवाना सासऱ्यांचा होता, पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. म्हणून तिने रीतसर अर्ज केला, पोलिसांकडे बंदूक चालवायचं शिकून आली, आणि परवाना तिच्या नावावर झाला. आता तिला बंदूक हवी होती. शेषेरावांची दुनळी विकायची ठरली होती, म्हणून केवळाबाईही सकाळच्या गाडीने अहमदपूरहून आल्या होत्या. पांढऱ्या पडलेल्या केसांवर पदर, हातात कापडी पिशवी. खूप दिवसांनी मी तो अंगठा पाहिला.

बंदुकीचा सौदा चटकन झाला. अडलं ते काडतुसांवर. दुकानात बारा बोअरची नवी काडतुसं संपली होती. माल सुटला आहे, पण नेमका कधी येईल ते सांगता येत नाही, असं गुरुपादप्पा म्हणाले. तनुजाचा चेहरा उतरला. तिचा मका दुधात आला होता आणि डुकरांनी ओढ्याकडच्या चार-पाच ओळी आधीच आडव्या केल्या होत्या.

"डुकरं काय तुमच्या मालाची वाट बघून राहिलीत व्हय, अप्पा?" भुजंगराव म्हणाले. मग त्यांचं लक्ष आमच्या खोक्याकडे गेलं. त्यांनी एकाला हातात घेऊन डोळ्यांजवळ नेलं. "हे काय, दहा हायेत की तयार. बघा कशी चमकून राहिलीत. नवरीवानी."

केवळाबाईंचा चेहरा फुलला. त्यांनी सांगितलं की त्यांच्या मालकांनी, शेषेरावांनी, सगळा माल याच दुकानातून, कारखान्याचा, खोक्यासकट घेतलेला. बंदुकीबरोबर तो खोका तनुजाला तसाच देऊन टाकायचा त्यांचा विचार होता. परवानेवाल्याचा माल दुकानदारामार्फत दुसऱ्या परवानेवाल्याकडे जातो, त्यात वावगं काही नव्हतं.

तेवढ्यात तनुजाने बंदूक उचलून खांद्याला लावून पाहिली. बंदूक रिकामी होती, नळ्या भिंतीकडे. तिने उजवा गाल लाकडावर टेकवला, एक डोळा मिटला. मी खोक्यातून पाहत होतो. मी जिथे बसणार होतो ती जागा आणि तिचा उघडा डोळा यांत फार तर एक वीत अंतर होतं. नक्की काय झालं असतं ते मला सांगता येणार नाही. कदाचित नळीने मला या वेळीही धरून ठेवलं असतं. पण ती नळी आता म्हातारी होती, आणि माझ्या पोटात शंकरप्पांची शीग होती. मला ओरडता येत नव्हतं. मित्रांनो, वस्तूंना बोलता येत नाही याचं मला एरवी कधी वाईट वाटलेलं नाही. त्या सकाळी वाटलं.

गुरुपादप्पांनी एकेकाला उलटं करून बूड पाहिलं. शिक्का बरोबर होता. पण त्यांचा चेहरा मोकळा झाला नाही. तनुजाने विचारलं तेव्हा ते तिला समजावू लागले. जुनं काडतूस घेताना शिक्क्यावर जायचं नसतं. शिक्का कवचाचा असतो, कवच कारखान्याचं आणि पोट भलत्याचं असू शकतं. एकदा उडालेल्या काडतुसाच्या काठावर बंदुकीचा ओरखडा असतो. टोपीभोवती काजळी असते. नवी टोपी वेगळ्या रंगाची किंवा वेगळ्या खोलीवर बसलेली दिसते. तोंडाची चकती हाताने कापलेली असते. आणि एका खोक्यातली सगळी सारख्याच वजनाची असायला हवीत. एवढं सांगून त्यांनी मला उजेडाकडे फिरवलं. ओरखडा नाही, काजळी नाही, सगळ्या टोप्या सारख्याच घासलेल्या, तोंडावर लाख.

"ह्याला घासलंय कुणी?" त्यांनी विचारलं.

"मी," केवळाबाई म्हणाल्या. "दरसाली, खांडेनवमीला. पूजेला काळं पितळ मांडत्यात का कुठं?"

गुरुपादप्पांनी मला पुन्हा उलटं करून पाहिलं. भुजंगरावांना मात्र मजा वाटली. बंदुकीच्या दुकानात जन्म गेला आणि नवं-जुनं कळंना व्हय, असं त्यांनी विचारलं. आपण तर बोहारणीकडून घेतलेलं भांडंसुद्धा नुसतं वाजवून ओळखतो, असंही सांगून टाकलं.

"हे वाजवून बघू नगा," गुरुपादप्पा म्हणाले.

तनुजाने मला त्यांच्या हातातून घेतलं आणि ती दुकानाच्या दारात, उन्हाच्या उजेडात गेली. तिनेही घरी पितळ घासलेलं होतं. समईच्या मळसूत्रात, ताम्हनाच्या काठाखाली, जिथे बोट जात नाही तिथे हिरवट थर साचतो, कळंक म्हणतात त्याला, तो कितीही घासलं तरी उरतो. माझ्या टोपीभोवती केसाएवढी खाच आहे. तिथे कळंक होता. तिने मला डोळ्यांजवळ धरून हळूहळू फिरवलं.

"मावशी," ती म्हणाली, "हितं चिंच पोचत न्हाई न्हवं?"

"कुठली पोचते, बाई," केवळाबाई ओशाळून म्हणाल्या. "समईचा मी टाचणीनं काढते. ह्यांचा दरसाली राहूनच जातो, पूजेच्या घाईत. थांब, देते काढून." आणि त्यांनी मला तिच्या हातातून घेऊन काउंटरपाशी आणलं, बांगडीला अडकवलेली पिन उघडली, माझं बूड आपल्याकडे वळवलं आणि पिनेचं टोक टोपीच्या काठावर टेकवलं.

दुकानातला पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी ऑटोवाल्याशी भाडं ठरवत होतं. माझ्या आतली टोपी इतक्या वर्षांनी पहिल्यांदा जागी होते की काय असं मला वाटलं.

"अव्वा," गुरुपादप्पा म्हणाले, नेहमीपेक्षाही हळू. "पिन माझ्याकडं द्या. आधी पिन. मग ते."

त्यांनी काउंटरवरून हात लांब केला होता आणि तो हात हलत नव्हता. केवळाबाईंनी पिन त्यांच्या तळव्यावर ठेवली. मग मला ठेवलं. आपण काय करत होतो ते त्यांना कळलं नव्हतं. पण तनुजाचा पांढरा पडलेला चेहरा पाहून त्या पाठीमागच्या बाकावर बसल्या.

मग आम्हां दहा जणांना काउंटरवर बूड वर करून ओळीने उभं केलं. गुरुपादप्पांनी भिंग आणलं, पण त्याची फारशी गरज पडली नाही. पाच जणांच्या टोपीभोवती कळंकाची बारीक हिरवी रेघ होती, कंपासने काढावी तशी सारखी गोल. आम्हां पाचांची रेघ एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पुसट. टोपी हाताने बसवलेली, कणभर तिरपी. कळंकाने तो तिरपेपणा इतकी वर्षं धरून ठेवला होता. जे काळजीने पुसलं गेलं ते गेलं. जे राहून गेलं त्याने खरं सांगितलं.

भुजंगराव वाकून पाहत होते. त्यांच्या मोतीबिंदूला रेघ दिसणार नव्हती. तनुजा केवळाबाईंजवळ जाऊन बसली आणि तिने विचारलं, की ही काडतुसं कधी घराबाहेर गेली होती का.

केवळाबाईंनी आठवलं. आठवल्यावर त्यांच्या आवाजात पुन्हा जुना अभिमान आला. शंकरप्पा म्हणून शेजारी होते, देवमाणूस. पाच उसनी नेली होती त्यांनी. पितळ काळं होऊन परत येईल असं वाटलेलं, पण त्यांनी घासून, रुमालात बांधून आणली. "दादा, शीग लावून आणलीत, म्हणाले," केवळाबाई हसल्या.

कुणीच हसलं नाही.

गुरुपादप्पांनी कपाटाच्या खालच्या खणातून वडिलांच्या काळातला छर्रे तोलायचा लहान तराजू काढला. एका पारड्यात गोल रेघेचा एक ठेवला. दुसऱ्यात मला. काटा डगमगला, विचार केल्यासारखा थांबला, आणि माझं पारडं खाली गेलं. नुसत्या तराजूवर भरवसा ठेवता येत नाही हे गुरुपादप्पांना माहीत होतं, छर्रेही कमी-जास्त असू शकतात. पण रेघ, तराजू आणि शंकरप्पांचं बोलणं अशी तिन्ही एकाच बाजूला झुकली होती.

केवळाबाई पारड्याकडे बघत राहिल्या. मग त्या इतकंच म्हणाल्या, "आमच्या मालकानं घरात कधी खोटं ठेवलं न्हाई."

"खोटं कुणीच न्हाई, अव्वा," गुरुपादप्पा म्हणाले. "तेच तर अवघड हाय."

भुजंगरावांनी घसा साफ केला. ओढ्याकडचा मका त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. ते म्हणाले की मग ही पाच बाजूला ठेवू, पण ती पाच तर कारखान्याची निघाली ना, तेवढ्यांवर आठवडा निघेल. गुरुपादप्पांनी मान हलवली. त्या पाचांनाही दरसाल चिंचेचं पाणी लागलेलं होतं. आत ओल गेली की नाही हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता. ओली दारू कधी पेटत नाही, कधी उशिरा पेटते. पेटलं नाही म्हणून माणूस बंदूक उघडून बघायला जातो, आणि तेव्हाच ती पेटते.

"न्यायची तर अप्पा अडवतील का? परवाना तर हाय," भुजंगराव सुनेला म्हणाले. आवाजात आता जोर नव्हता.

तनुजाने बंदुकीच्या लाकडावर, जिथे मघाशी गाल टेकवला होता तिथे, हात ठेवला. "मामा," ती म्हणाली, "गालाला मी लावणार हाय."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांपुढच्या धुक्यातून त्याला किती दिसलं कोण जाणे. मग तो बाहेर गेला आणि सगळ्यांसाठी चहा सांगून आला. परत आल्यावर म्हणाला की घरी तेलाचे दोन रिकामे डबे हायेत, अजून आठ दिवस तेच बडवू, आपल्याला तरी कुठं झोप येऊन राहिलीय.

जाण्याआधी केवळाबाई काउंटरपाशी आल्या. आपला उजवा अंगठा त्यांनी समोर धरला होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. इतकी वर्षं चुलीशेजारी बसून त्यांनी तो आमच्यावर फिरवला होता. त्यांनी विचारलं, "मग इतकी साल मी काय घासत व्हते?"

तनुजाने त्यांचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि एस.टी. स्टँडपर्यंत सोडला नाही, असं नंतर भुजंगरावांनी इथे येऊन सांगितलं.

नवा माल आला तोवर तनुजाचा ओढ्याकडचा मका पुरता गेला होता. वरचा वाचला. नव्या मालातलं पहिलं काडतूस तिने हवेत उडवलं, आणि बंदूक तिच्या हातात होती तशीच राहिली, तिचा डोळाही. यात सांगण्यासारखं काय आहे, असं तुम्हांला वाटेल. मला मात्र यापेक्षा मोठी बातमी दुसरी माहीत नाही.

आम्हां दहा जणांची पोलिसांत नोंद झाली आणि ज्याला तशी परवानगी आहे अशा माणसाने आम्हांला रिकामं केलं. त्या पाचांची दारू कागदावर सपाट पडली, दोघांची तर ओलीने गठ्ठा झालेली. माझी पडली तिला खरोखरच शीग होती. त्या लहानशा ढिगाकडे मी पाहत राहिलो. एका माणसाची सगळी कृतज्ञता होती ती, आणि ती एका बाईच्या डोळ्यापासून एका वितीवर आली होती. तेव्हा मला कारखान्यातलं ते कोरडं यंत्र आठवलं. त्याला माया नव्हती, म्हणून त्याच्या हातून कुणाला इजा नव्हती. आगीचं माप तसंच हवं. माया इतर सगळीकडे असू दे.

कुणी पुन्हा भरू नये म्हणून माझ्या अंगाला भोक पाडलं. बाकीचे नऊ भंगारात गेले. मला गुरुपादप्पांनी ठेवून घेतलं आणि भिंतीवर टांगलं. जुनी काडतुसं विकायला किंवा घ्यायला कुणी आलं की ते मला खाली काढतात आणि ती तिरपी रेघ दाखवतात.

यंदाच्या खांडेनवमीला दुकानात पूजा मांडली होती. सकाळी केवळाबाई आल्या. निरोप दिला नव्हता, बोलावणं नव्हतं. कापडी पिशवीत हळदीकुंकवाची कोयरी होती. त्यांनी मला खिळ्यावरून काढून हातात मागितलं. वर्षभरात मी काळपट झालो होतो. त्यांचा अंगठा आपोआप माझ्या बुडावर गेला आणि सवयीने एकदा गोल फिरला. मग थांबला. पिशवीत चिंचही होती, मला तिचा वास आला.

बराच वेळ त्यांनी मला उजेडात धरून ठेवलं. त्यांच्या म्हाताऱ्या डोळ्यांना रेघ दिसली की नाही, सांगता येत नाही.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "शंकरप्पाचा हात हाय तो."

आणि त्यांनी कुंकवाचं बोट रेघेपासून दूर, माझ्या कडेला टेकवलं.

मित्रांनो, तुम्हांला कधी शेतात, अडगळीत, जुन्या ट्रंकेत माझ्यासारखं कुणी सापडलं, तर हात लावू नका, घासू नका, टाचणी तर मुळीच लावू नका. आहे तिथे राहू द्या आणि मोठ्या माणसाला हाक मारा. त्याच्या बुडावरचा शिक्का खरा असेल, ते नव्यासारखं चमकत असेल, तरीही. आणि ज्या जुन्या वस्तू तुमच्या घरात जपल्या जातात, त्यांच्यावरचा एखादा डाग, एखादी रेघ पुसण्याआधी थोडं थांबा. ती रेघ तिथे कशी आली ते घरातल्या कुणाला तरी विचारा. मला ज्यांनी जपलं त्यांच्यापैकी कुणीही ते विचारलं नव्हतं. ज्या बाईने विचारलं, तिचा डोळा आज शाबूत आहे.